हेगमधली आपलीच कैफियत

काळाकोट :

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ ला अण्वस्त्रांवर दिलेल्या सल्लागार मताला २०२६ मध्ये ३० वर्षं होतात. त्यानिमित्त लॉ कॉलेजच्या मुलांसाठी इथे कोल्हापुरात मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला) घ्यायचं चाललंय. वादाचा मसुदा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणून जुने कागद काढून बसले. वाचलं ते एकटीने पोटात ठेवण्यासारखं नाही, म्हणून हा धागा.

आधी प्रकरण काय ते. डिसेंबर १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कोर्टाला विचारलं, कुठल्याही परिस्थितीत अण्वस्त्र वापरणं किंवा वापरायची धमकी देणं आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं का? त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेनेही असाच प्रश्न धाडला होता. तो 'हा तुमच्या कामाच्या कक्षेत येत नाही' म्हणून परत गेला. आमसभेच्या प्रश्नाला मात्र कोर्टाला उत्तर द्यावं लागलं.

वापर आणि धमकी सर्वसाधारणपणे युद्धाच्या कायद्याविरुद्ध आहेत, असं कोर्ट म्हणालं. पण राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलंय अशा टोकाच्या स्वसंरक्षणात काय, ते आम्हाला ठामपणे सांगता येत नाही. या कलमावर १४ न्यायाधीश ७-७ असे फुटले आणि अध्यक्ष मोहम्मद बेजावी यांच्या निर्णायक मतावर ते पारित झालं. गंमत पुढे आहे. विरोधातल्या सातांपैकी तिघांना (श्रीलंकेचे वीरमंत्री, सिएरा लिओनचे कोरोमा, गयानाचे शहाबुद्दीन) ही पळवाटच नको होती, सरसकट बेकायदेशीर म्हणा असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा ७-७ म्हणजे निम्मे बाँबच्या बाजूचे, असं जो सांगतो त्याने निकाल वाचलेला नाही. शिवाय एक कलम एकमताने आलं: नि:शस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्भावनेने करणं आणि त्या तडीस नेणं, दोन्ही बंधनकारक.

आता मुद्द्याचं. या प्रकरणात जून १९९५ मध्ये भारत सरकारने लेखी निवेदन दाखल केलं होतं. आपल्या कोर्टाच्या भाषेत कैफियतच म्हणू. भारत त्यात काय म्हणतो? अण्वस्त्राचा वापर बेकायदेशीर. समोरच्याने आधी टाकलं आणि आपण प्रत्युत्तर म्हणून टाकलं, तरी तेही बेकायदेशीरच दिसतं. कारण बदला घेतानाही सैनिक आणि सामान्य माणूस यांत फरक करावा लागतो, प्रमाण राखावं लागतं, आणि हे हत्यार ते राखू शकत नाही.

मे १९९८ मध्ये पोखरण झालं. ४ जानेवारी २००३ ला सरकारने अणुधोरण जाहीर केलं. आपण आधी वापरणार नाही, पण कुणी वापरलं तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि समोरच्याला सोसणार नाही इतकं नुकसान करणारं असेल.

आठ वर्षांच्या आत एकाच पक्षकाराची ही दोन निवेदनं. माझ्या अशिलाने असं केलं असतं तर उलटतपासात समोरच्या वकिलाने सोलून काढलं असतं. अण्वस्त्रं जगातून कायद्याने घालवायची म्हणणाऱ्यांना या कागदाचा आज काही उपयोग आहे का, एवढंच विचारायचंय. 'जगात शांतता हवी' छाप प्रतिसाद कृपया नकोत.

तिकटीवरचा :

पैला नंबर. लांबलचक हाय, रात्री जेवून वाचतो.

मर्दानी_खेळ :

ताई, अभ्यास दांडगा हाय, त्यात वादच न्हाई. पण शेजारी दोघं, दोघांच्याबी हातात बाँब. उद्या कायतरी झालं तर हेगचं कोर्ट येणार हाय का वाचवायला? युक्रेननं १९९४ ला सगळी अण्वस्त्रं देऊन टाकायचं कबूल केलं, बुडापेस्टला कागदावर सह्या घेतल्या. काय झालं त्या कागदाचं ते अख्ख्या जगानं बघितलं. कागदाच्या भरवशावर बसणारा गडी मातीत जातो.

काळाकोट :

युक्रेनचं उदाहरण मी झटकून टाकणार नाही, रशियाने तो शब्द मोडलाच. फक्त एक तपशील धर. ती अण्वस्त्रं युक्रेनच्या जमिनीवर होती, सोडायची किल्ली मॉस्कोत होती. म्हणजे युक्रेनने चालू हत्यार हातचं घालवलं असं ते चित्र नाही. आणि तो कागद काय दर्जाचा होता तेही बघ. आश्वासनं होती, ती मोडली तर कुणी काय करायचं याची यंत्रणा त्यात नव्हती. मसुदा कच्चा निघाला म्हणून आपण करार करायचेच सोडत नाही, पुढचा मसुदा पक्का करतो.

सुभेदार_गडहिंग्लज :

मी पूर्ण वाचलं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली मर्दानी यांना. फौजेत आम्हाला जिनिव्हा करार शिकवतात. शरण आलेल्याला गोळी घालायची नाही, रेडक्रॉसची खूण असेल तिथे मारा करायचा नाही. बंदूक हातात असताना हे पाळायला लागतं, आणि पाळलं नाही तर कोर्ट मार्शल होतं. त्यामुळे लढाईत कायदा नसतो हे वाक्य लढाईत न गेलेल्या माणसाचं असतं. राग मानू नका.

दुसरी मॅडमना. तुम्ही 'वापर' आणि 'बाळगणं' एकत्र करताय असं मला वाटतं. आपल्याकडचं अण्वस्त्र वापरण्यासाठी नाहीच, समोरच्याने वापरू नये यासाठी आहे. कोर्टाने बाळगण्यावर काही म्हटलंय का?

काळाकोट :

सुभेदारसाहेब, नेमकं बोट ठेवलंत. बाळगण्याला कोर्टाने हात लावला नाही. धाक दाखवून शत्रूला रोखण्याच्या धोरणावर आम्ही मत देत नाही, असं निकालातच लिहिलंय. पण त्याच निकालात दुसरंही आहे. जो वापर बेकायदेशीर, त्याची धमकीही बेकायदेशीर. आता धाक टिकतो कशावर? वेळ आली तर आम्ही नक्की टाकू, हे समोरच्याला पटण्यावर. मग ही धमकी झाली की नाही? कोर्ट या खड्ड्यापाशी आलं आणि वळसा घालून गेलं. मला विचाराल तर तिथे न्यायाधीशांनी कच खाल्ली.

बाळगण्याचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांतल्या २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारात आला. बनवणं, साठवणं, बाळगणं, वापरणं, धमकी देणं, सगळ्यालाच बंदी. ७ जुलै २०१७ ला १२२ राष्ट्रांनी बाजूने मत दिलं, विरोधात एकटं नेदरलँड्स, तटस्थ सिंगापूर. होंडुरासच्या रूपाने ५० वी मान्यता आली आणि २२ जानेवारी २०२१ पासून करार लागू झाला. पण अण्वस्त्रवाल्या नऊपैकी एकही त्यात नाही. आपण तर वाटाघाटींनाही गेलो नाही.

उचगावकर :

मी फौंड्रीतला माणूस, कायद्यातलं कळत नाही. पण घरच्या जमिनीच्या दाव्यापायी कोर्टाच्या पायऱ्या भरपूर झिजवल्यात, म्हणून विचारतो. दावा जिंकून हुकूमनामा हातात आला तरी खरी लढाई पुढं असते, दरखास्त टाकायची, बेलीफ न्यायचा, ताबा घ्यायचा. इथं दरखास्त कुठं टाकणार? सुरक्षा परिषदेत? तिथले कायमचे पाचही जण बाँबवाले, नकाराधिकारासकट. ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा, तोच बेलीफ!

त्यात तुमचं १९९६ चं प्रकरण नुसतं सल्लागार मत. म्हणजे हुकूमनामासुद्धा नाही.

तिकटीवरचा :

जेवलो, वाचलं. उचगावकर, आपल्या कोल्हापूरचं हायकोर्टाचं सर्किट बेंच आठवा की. चाळीस वर्सं सहा जिल्ह्यातलं वकील बोंबलत होतं. किती पिढ्या म्हणाल्या 'हे काय हुईत न्हाई'. १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर दवाखान्यासमोर बेंच सुरू झालं का न्हाई? धरून ठिवायचं.

उचगावकर :

भावा, तिथं देणारा होता. राज्य पुनर्रचना कायद्यात ५१ (३) कलम होतं, मुख्य न्यायमूर्तींना अधिकार होता, फक्त त्यांचं मन वळवायचं होतं. इथं कुणाचं मन वळवलं की बाँब जातात? नावच सांग.

तिकटीवरचा :

बरं बाबा. गप बसतो.

पंचगंगा :

नमस्कार, मी शेवटच्या वर्षाला आहे, मूटमध्ये भाग घेणार आहे. उचगावकर काकांच्या प्रश्नाला मला मार्शल बेटांचा दावा सांगायचाय. तो हरलेला दावा आहे हे आधीच कबूल.

१९४६ ते १९५८ मध्ये अमेरिकेने मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ चा ब्राव्हो स्फोट १५ मेगाटनचा होता, हिरोशिमाच्या साधारण हजार पट. त्यानंतर साधारण महिन्याभराने नेहरूंनी चाचण्या थांबवायची जाहीर मागणी केली होती. म्हणजे या गोष्टीशी आपला संबंध जुना आहे.

एप्रिल २०१४ मध्ये या एवढ्याशा देशाने नऊही अण्वस्त्रधारी राष्ट्रांवर हेगमध्ये दावे टाकले. मुद्दा एकच, वाटाघाटी सद्भावनेने तडीस न्यायचं बंधन तुम्ही पाळत नाही. त्यातल्या तिघांनीच कोर्टाचं सक्तीचं अधिकारक्षेत्र (म्हणजे कुणी दावा टाकला तर कोर्टासमोर येऊ, हे) आधीपासून मान्य केलं होतं: ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत. बाकी सहा जणांपर्यंत कोर्ट पोचूच शकलं नाही.

५ ऑक्टोबर २०१६ ला तिन्ही दावे पहिल्याच पायरीवर पडले. कोर्ट म्हणालं, दावा दाखल होण्याआधी तुमच्यात वाद होता हेच सिद्ध होत नाही. भारत आणि पाकिस्तानविरुद्ध ९-७, ब्रिटनविरुद्ध ८-८ आणि पुन्हा अध्यक्षांचं निर्णायक मत. गुणदोषांवर सुनावणी झालीच नाही.

पण पुढचं ऐका. फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्रिटनने आपलं अधिकारक्षेत्राचं घोषणापत्र बदललं आणि अण्वस्त्र नि:शस्त्रीकरणाचे वाद त्यातून वगळले. अण्वस्त्रप्रसारबंदी करारातले (एनपीटी) बाकीचे अण्वस्त्रवाले कोर्टासमोर यायला कबूल असतील तरच आम्ही येऊ, अशी अट घातली. आता सांगा, कोर्टाला दात नसतील तर जिंकलेला पक्षकार घाईघाईने दार का बंद करतो?

उचगावकर :

हा मुद्दा बरा आहे. ८-८ ने वाचलेला माणूस दुसऱ्यांदा जुगार खेळत नाही. मानलं.

पण पोरी, तू दार बंद झाल्याचं सांगतेस. म्हणजे तो रस्ताही गेला.

सातेरी :

मी शिक्षिका आहे, कायद्यापेक्षा माणसांकडून येते. हे प्रकरण हेगला पोचलंच मुळी सामान्य लोकांमुळे. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चचे हॅरोल्ड इव्हान्स नावाचे निवृत्त मॅजिस्ट्रेट होते. त्यांनी १९८७ मध्ये सरकारांना उघडी पत्रं लिहिली, हा प्रश्न जागतिक न्यायालयात न्या. त्यातून चळवळ उभी राहिली, डॉक्टर आणि वकिलांच्या संघटना आल्या. लाखो लोकांनी सह्या करून 'आमच्या सदसद्विवेकाला हे मान्य नाही' असं लिहून दिलं, त्यात जपानी लोक सगळ्यांत जास्त. त्या सह्या कोर्टापुढे ठेवल्या, कारण १८९९ पासून युद्धाच्या कायद्यात एक कलम आहे: जिथे लेखी नियम नसेल तिथेही माणुसकी आणि लोकांचा सदसद्विवेक यांचं संरक्षण लागू राहील.

नोव्हेंबर १९९५ च्या सुनावणीत हिरोशिमा आणि नागासाकीचे महापौर बोलले. त्यांचं म्हणणं म्हणजे जपान सरकारचं म्हणणं समजू नका, असा खुलासा खुद्द जपान सरकारने केला होता! तरी नागासाकीचे महापौर इतो उभे राहिले आणि कोळसा झालेल्या मुलाचा फोटो न्यायाधीशांपुढे धरला. या लेकरांचा गुन्हा काय, असं विचारलं. समोर काळे झगे घातलेले १४ जण. निकाल मी कधी पूर्ण वाचला नाही, पण तो फोटो बघितल्यावर सातांनी 'सांगता येत नाही' असं कसं लिहिलं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आणि हो, हिरोशिमावरचा हल्ला बेकायदेशीर होता असं टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ७ डिसेंबर १९६३ लाच सांगितलंय. शिमोदा खटला. भरपाई मात्र एका येनचीही मिळाली नाही.

मर्दानी_खेळ :

सातेरी मॅडम, फोटोचं वाचून जरा थांबलो. पण ते वीरमंत्री श्रीलंकेचे म्हणता, त्यांनी सरसकट बंदीच का मागितली? तिकडं तर यादवी चालू होती, त्यांना तर हत्याराची किंमत जास्त कळाय पायजे.

काळाकोट :

त्यांचं भिन्नमत वाच, तुला आवडेल. त्यात रामायण-महाभारत आहे. शत्रूची सगळी जमात, लढणारे आणि न लढणारे सगळेच मारणारं अस्त्र लक्ष्मणाच्या हाती होतं, रामाने ते वापरू दिलं नाही. अर्जुनाने पाशुपतास्त्र वापरलं नाही, कारण समोरची लढाई साध्या शस्त्रांची होती. हे हेगच्या निकालपत्रात छापलेलं आहे. युद्धाला मर्यादा असते हा विचार युरोपने आपल्याला शिकवलेला नाही, हे त्यांना दाखवायचं होतं.

मर्दानी_खेळ :

आयला! पाशुपतास्त्र हेगच्या कोर्टात? ह्ये म्हाईत न्हवतं. पण अर्जुनानं ते टाकून दिलं न्हवतं, जवळ ठिवलं होतं. माझा मुद्दा तिथंच हाय.

तिकटीवरचा :

मर्दानीनं वकिली करावी. फी परवडंल.

सुभेदार_गडहिंग्लज :

मर्दानी यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, तो माझाही आहे. पण दुसरी बाजूही मीच सांगतो. रासायनिक अस्त्रं. १९९३ च्या करारावर आपण सुरुवातीलाच सही केली. आपल्याकडे साठा होता, तो आपण जाहीर केला आणि २००९ पर्यंत आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर नष्ट केला. पाकिस्तान आणि चीनही त्या करारात आहेत. तेव्हा कुणी म्हटलं नाही की देश उघडा पडला. का नाही? कारण नियम सगळ्यांना सारखा होता आणि तपासणी कडक होती. तसा अणुकरार आला तर फौजेला अडचण नाही, असं माझं वैयक्तिक मत. एनपीटीचं दुखणं हेच होतं, पाच जणांना ठेवायची मुभा आणि बाकीच्यांना सोवळं. भारताने सही केली नाही ते योग्यच.

काळाकोट :

एनपीटीवर पूर्ण सहमत. त्यातलं सहावं कलम पाचांवरही नि:शस्त्रीकरणाचं बंधन टाकतं, पण त्यांनी १९७० पासून ते लोणच्यासारखं मुरत ठेवलंय.

उचगावकर, 'नाव सांग' म्हणालात ना. एक नाव नाही, पण कायदा बेलीफाशिवायही कुठेकुठे लागतो ते सांगते. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने अण्वस्त्रं बनवणाऱ्या कंपन्या गुंतवणुकीतून वगळल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१८ मध्ये लिहिलं की अण्वस्त्राचा वापर आणि धमकी जगण्याच्या हक्काशी विसंगत आहे, आणि तो हक्क देणाऱ्या करारात भारत १९७९ पासून आहे. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने फ्रान्सला पॅसिफिकमधल्या चाचण्यांवरून कोर्टात खेचलं. फ्रान्स हजरसुद्धा राहिला नाही. पण दावा चालू असतानाच 'आता हवेत चाचण्या करणार नाही' असं त्यांनी जाहीर केलं, आणि कोर्टाने ठरवलं की हे जाहीर विधानच फ्रान्सवर बंधनकारक आहे. राष्ट्राने जगासमोर केलेलं विधान त्याला बांधू शकतं. माझा सगळा धागा इथे येतो.

पंचगंगा :

मॅडम, तोच धागा पुढे नेते, चुकलं तर कान धरा. २०१७ च्या करारावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची भूमिका अशी: आम्ही पक्षकार नाही, म्हणून बांधील नाही, आणि या करारातून रूढ आंतरराष्ट्रीय कायदा (राष्ट्रांच्या नेहमीच्या वागण्यातून बनलेला, सगळ्यांना लागू होणारा) तयार होतो किंवा त्याला हातभार लागतो हे आम्हाला मान्य नाही. म्हणजे सातत्याने हरकत घेणाऱ्याचा बचाव. उद्या अण्वस्त्रबंदीची रूढी झाली तरी आम्ही पहिल्यापासून हरकत घेतलीय, आम्हाला लागू नाही.

पण त्या बचावाची अटच सातत्याची आहे. आणि भारताचं रेकॉर्ड काय? १९८२ पासून आमसभेत आपणच दरवर्षी ठराव मांडतो की अण्वस्त्रांच्या वापरावर बंदी घालणारा करार करा. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रमुक्त जगाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा ठेवला. १९९५ ची कैफियत तर प्रत्युत्तरही बेकायदेशीर म्हणते. म्हणजे बाळगण्याबाबत आपली हरकत टिकेल. वापराबाबत टिकणार नाही, कारण तिथे आपण कधी हरकत घेतलीच नाही, उलट बंदी मागितलीय.

काळाकोट :

कान धरायची गरज नाही. मी इतक्या स्वच्छ शब्दांत मांडलं नव्हतं. फक्त इस्टॉपेलच्या (आधी एक बोलून मग फिरता येत नाही, या तत्त्वाच्या) नादी लागू नकोस. तिथे आपल्या विधानावर विसंबून दुसऱ्याचं काही नुकसान झालं हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला कुणी येणार नाही. हरकतीच्या सातत्यावरच ठाम राहा. बाळगणं आणि वापर हा सुभेदारसाहेबांनी दाखवलेला फरक तुझ्या कामाचा आहे, तो पहिल्याच परिच्छेदात घे.

उचगावकर :

मग याचा निकाल काय? समजा पोरगी म्हणते तसं झालं. बाळगायला चालतं, वापरायला चालत नाही. पुढं?

सुभेदार_गडहिंग्लज :

पुढे असं की २००३ च्या धोरणातला 'प्रचंड' हा शब्द अडचणीत येतो. प्रथम वापर नाही, हा भाग राहील. पण एका बाँबला उत्तर म्हणून शहरंच्या शहरं साफ करू, असं लेखी ठेवणं आपल्याच १९९५ च्या निवेदनाशी जुळत नाही. करारावर सही कर म्हणून सरकारकडे गेलात तर दारातून परत पाठवतील. पण 'तुमचे दोन कागद जुळत नाहीत, कुठला खरा ते संसदेत सांगा' असा प्रश्न एखाद्या खासदाराने विचारला तर उत्तर द्यावंच लागेल. राज्यघटनेच्या ५१ व्या कलमात आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर लिहिलेलाच आहे.

सातेरी :

सुभेदारसाहेब, प्रश्नाचा मसुदा तुम्हीच लिहा. सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे लागलं. शाळेतल्या पालकांपासून सुरुवात करते.

मर्दानी_खेळ :

सही करीन का न्हाई ते मसुदा बघून सांगतो. पण मूटमधी सरकारच्या बाजूनं कोण उभं राहणार हाय? सगळं एकाच अंगानं नगं. तिकडं कच्चा गडी दिलात तर कुस्ती बघायला यायचो न्हाई.

काळाकोट :

सरकारची बाजू कच्ची नाही, काळजी करू नकोस. त्यांचा वकील म्हणेल, १९९५ चं निवेदन हा सल्लागार प्रकरणातला युक्तिवाद होता, कोर्टाने तो पूर्ण स्वीकारला नाही आणि टोकाच्या स्वसंरक्षणाचा प्रश्न मोकळा ठेवला. जो युक्तिवाद कोर्टानेच घेतला नाही त्याला आम्ही जन्मभर बांधलेले कसे? १९९८ नंतर आमच्या शेजारची परिस्थिती बदलली. शिवाय दरवर्षीच्या ठरावात आम्ही करार मागतो, म्हणजे आज तशी बंदी नाही हेच आम्ही धरून चालतो. हा शेवटचा मुद्दा चांगलाच बोचरा आहे. पंचगंगा, त्याचं उत्तर तयार ठेव, कारण मी सरकारच्या टीमलाही तो सांगणार आहे.

पंचगंगा :

बापरे. बरं. 'करार मागणं म्हणजे नवा नियम मागणं नव्हे, आधीच असलेला नियम लेखी करून मागणं', असं उत्तर चालेल का? ठरावांच्या प्रस्तावनेत वापर हा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा भंग आणि मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे असं वाचल्याचं आठवतंय. सगळे ठराव काढून बघते.

काळाकोट :

चालेल. पण दरवर्षीचा मजकूर वेगळा लाव. शब्द कुठल्या वर्षी सौम्य झाले असतील तर समोरचा वकील तेच पान उघडेल.